टाकीतलं कालचं पाणी

भाऊ, परवा मी मोटारघरावर गेले होते. धरणाच्या काठची तुमची ती पत्र्याची खोली अजून आहे, फक्त दाराला नवीन कुलूप लागलं आहे आणि शेजारच्या मोकळ्या जागेत सौर पॅनलच्या चार रांगा उभ्या आहेत. आता आपल्या गावची मोटर उन्हावर चालते. ऊन वर आलं की सुरू होते, कललं की थांबते, बटण दाबायला कोणी लागत नाही. तुम्ही असता तर आधी पॅनलच्या मागे वाकून वायर कुठून कुठे गेली आहे ते पाहिलं असतं, मग ठेकेदाराच्या माणसाला असले दोन प्रश्न विचारले असते की त्याला घाम फुटावा, आणि सगळं बघून झाल्यावर ‘बरं हाय’ एवढंच म्हणाला असता. तुमच्या ‘बरं हाय’मध्ये किती कौतुक असायचं ते मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी तिथे उभी राहून मीच मोठ्याने ‘बरं हाय’ म्हणून घेतलं. ठेकेदाराचा माणूस बघत राहिला, मॅडमना काय झालं म्हणून.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण जे होतं ते आईशी बोलून भागत होतं. या वेळी भागलं नाही. जे झालं ते आईच्या आणि माझ्यातच झालं आहे आणि त्याच्या मधोमध तुम्ही आहात. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंसुद्धा सांगते, कारण तुमच्या बाजूने ते जसं दिसत होतं तसं माझ्या बाजूने दिसत नसणार.

तुम्ही ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. कागदावर काय हुद्दा होता कोण जाणे, गाव तुम्हाला ‘पान्याचं भाऊ’ म्हणायचं, आणि गावाचं ऐकून आम्ही पोरंही वडिलांना भाऊच म्हणायला लागलो. तिकोन्याच्या पायथ्याचं आपलं गाव, खाली नजर जाईल तिथवर पवनेचं धरण, आणि वर नळाला धार करंगळीएवढी. पाहुण्यांना याचं फार नवल वाटायचं. एवढं पाणी समोर असताना तुम्हाला टंचाई कशी, असं विचारायचे. तुम्ही म्हणायचा, ‘म्होरं हाय, पर खाली हाय. वर काय ते आपल्या पायानं येत न्हाई.’ खालून मोटरीने ते टेकाडावरच्या टाकीत चढवायचं आणि टाकीतून आळीआळीला सोडायचं. वरच्या आळीला अर्धा तास, मधल्या आळीला अर्धा तास, खालच्या वस्तीला अर्धा तास. ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तुम्ही एका व्हॉल्ववरून दुसऱ्यावर जायचा तेव्हा कोणी बोलायला थांबवलं तर चालता चालता बोलायचा, कारण मधली आळी थांबली की खालच्या वस्तीचं पाणी कमी व्हायचं. आपल्या आळीला तुम्ही कधी एक मिनिट जास्त दिलं नाही. उलट आपली आळी दोन मिनिटं आधीच बंद व्हायची असं आईचं आयुष्यभराचं म्हणणं आहे, आणि ती ते अजून मागे घेत नाही.

आणि आईचं ते शिळं पाणी. तसं गावातल्या सगळ्याच बायका पाळायच्या, पण तिच्याइतकी कडक कोणी नव्हती. आदल्या दिवशी भरलेलं पाणी म्हणजे शिळं. ते प्यायचं नाही, देवाला घालायचं नाही, त्यात डाळ शिजवायची नाही. पहाटे नळ यायच्या आधी ती हंडा, कळशी, घागर, पिंप, सगळं उपडं करायची, राखेने घासायची आणि नळाशी रांगेत मांडायची. निम्मा हंडा शिल्लक असो नाहीतर पाऊण, ते पाणी अंगणातून थेट रस्त्यावर. तुम्ही चावी घेऊन निघायला आणि तो लोट तुमच्या वहाणांखाली यायला एकच गाठ पडायची. ‘अगं, वर चढवाया लाइट लागती, माझं गुडघं लागत्यात, आन् तू वतून दे रस्त्यावर,’ तुम्ही म्हणायचा. आई पदर खोचून म्हणायची, ‘शिळं हाय ते. ताजं आनून द्या, मंग बघा वतती का.’ मग तुम्ही म्हणायचा, ‘जातो बाई, मोटर चालू करतो, आलंच ताजं.’ रोजचं भांडण रोज याच वाक्यावर मिटायचं. अर्ध्या-पाऊण तासाने नळ फुसफुसायचा, पाणी यायचं, त्याला जंतू मारायच्या टीसीएल पावडरचा उग्र वास असायचा, आणि आई ओंजळ नाकाशी धरून समाधानाने म्हणायची, ‘ह्याला म्हंत्यात ताजं.’

मी सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या मागेच लागले, मला मोटर सुरू होताना बघायची आहे म्हणून. तुम्ही दोन दिवस टाळाटाळ केली आणि तिसऱ्या पहाटे न्यायला तयार झालात. पण नेलं ते टेकाडावर. मी म्हणाले, मोटारघर तर खाली आहे. तुम्ही टाकीच्या कट्ट्यावर बसलात, तंबाखू मळली, मला खिशातले शेंगदाणे दिले, बादलीत पावडर कालवून वर नेऊन टाकीत ओतली आणि पुन्हा येऊन बसलात. मी शिडीवरून चढून आत डोकावले तर टाकी काठोकाठ भरलेली. मोटर बंद, आणि टाकी भरलेली. ‘भाऊ, हे कधी भरलं?’ ‘काल सांजच्याला,’ तुम्ही म्हणालात. मोटर ओढेल अशी थ्री-फेज लाइट गावाला संध्याकाळचीच यायची. तुम्ही तेव्हाच टाकी भरून ठेवायचा आणि पहाटे नुसता व्हॉल्व उघडायचा. म्हणजे ज्याच्यासाठी आई घरातली झाडून सगळी भांडी उपडी करून बसायची ते ताजं पाणी आदल्या दिवशीचंच असायचं. मी हसत सुटले. तुम्हालाही हसू आवरेना. मग डोळे पुसून तुम्ही म्हणालात, ‘ही गोष्ट तुला आन् मला. तिसऱ्याला न्हाई.’ आम्ही तीन भावंडं, मी मधली. थोरल्याचं सगळं आधी आणि धाकट्याचं सगळं लाडाचं. माझ्या एकटीचं म्हणावं असं मला त्याआधी काही मिळालेलं आठवत नाही.

पण सातवीतल्या पोरीच्या पोटात ते किती दिवस राहणार? आठवडाही गेला नाही आणि मी शेजारच्या मावशीजवळ बोलून गेले, की पाणी ताजं-बिजं काही नसतं म्हणून. मावशी शेंगा फोडत होती, तिने पोरीची बडबड म्हणून लक्ष दिलं नाही. तुम्ही मात्र ओसरीवरून ऐकलं. ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या हातात कळशी दिली आणि म्हणालात, ‘चल.’ नळ येण्याआधी गावच्या बायका जिथून पाणी आणायच्या त्या ओढ्यावर नेलं. कळशी भरली, माझ्या डोक्यावर दिली, मला पुढे घातलं आणि तुम्ही मागून चालत राहिलात. चढणीला मी ती तीनदा खाली टेकवली. निम्मी माझ्या अंगावरच सांडली. एका वळणावर तुम्ही थांबलात. ‘हितं पडली तुजी आय,’ म्हणालात, ‘धाकट्याच्या येळंला. सातवा म्हैना व्हता.’

उरलेलं तुम्ही चालता चालता सांगितलं. आई वाहत्या नदीच्या गावची. आपल्याकडे नळ आला तेव्हा सगळं गाव खूश, आणि आई म्हणे, टाकीत साठवलेलं पाणी मी पिणार नाही. चार दिवसांनी ती पुन्हा कळशी घेऊन ओढ्याला निघाली आणि तिच्यामागे आळीतल्या आणखी चौघी. तेव्हा तुम्ही तिची वाट अडवून सांगितलं, की मी पहाटे मोटर चालू करतो, धरणातलं पाणी थेट नळाला येतं, टाकी नुसती वाटेत आहे. तिने तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळशी खाली ठेवली. ‘खोटं बोल्लो,’ तुम्ही मला म्हणालात, ‘पर तिचं पाय वाचलं. आता सांगशील का कुनाला?’ मी मान हलवून नाही म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावरची कळशी उतरवून घेतलीत आणि उरलेली चढण स्वतः नेलीत. त्यानंतर मी ते खरंच कोणाला सांगितलं नाही. भावांना नाही, लग्नानंतर नवऱ्यालाही नाही.

पुढे मीही तुमच्याच वाटेने आले, फक्त चावीऐवजी हातात फायली. डिप्लोमा केला, तालुक्याच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागले, लग्न होऊन लोणावळ्याला राहायला गेले. आमच्या गच्चीवर सौर बंब आहे, अंगणात पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा आहे, आणि या दोन्हींसाठी घरपट्टीत सवलत मिळते. सवलत काही फार मोठी नाही, पण ती पावती हातात घेताना मला उगाचच परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटतं. लोणावळ्याच्या जुलैत मात्र त्या बंबाची फजिती बघावी. आठ-आठ दिवस धुक्यात समोरचं घर दिसत नाही, सूर्याचं नाव नको, आणि आम्ही सवलतवाले निमूटपणे गॅसवर पाणी तापवतो. आई राहायला आली तर भर एप्रिलमध्येही त्या पाण्याने अंघोळ करत नाही. ‘कालचं पानी, त्यात उनात तापल्यालं. त्यापरीस गार बरं,’ म्हणते आणि भरलेली बादली मोरीत उपडी करते. माझा नवरा एकदा तिला म्हणाला, ‘आई, तुमची लेक गावोगाव पाणी वाचवायला सांगत फिरते हो.’ ती म्हणाली, ‘तिला फिरू दे. तिची नोकरी हाय ती.’

गेल्या उन्हाळ्यात गावची मोटर जळाली. तुमच्या वेळीही जळायची, पण तुम्ही रात्रंदिवस खपून ती चालू करायचा. आता दुरुस्तीला न्यायची, भाग मिळायचा नाही, विजेचा दाब कमी म्हणून आणली की पुन्हा जळायची. मे महिन्यात दुसऱ्यांदा जळाली तेव्हा थोरल्याचा फोन आला. तो देहूरोडच्या डेपोतून आता निवृत्त होऊन गावी राहतो. म्हणाला, ‘आई ऐकत नाही, ओढ्यावर जाते.’ मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. टँकर येत होता, पण टँकरचं पाणी ती प्यायला तयार नव्हती. ‘कवा भरलं, कुटं भरलं, कुनी बघितलंय?’ म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, एक लहान कळशी, ते वळण. मी तिच्या मागून चालत गेले. तिने दोनदा कळशी टेकवली आणि दोन्ही वेळा मला दाखवायला पदराने घाम पुसण्याचं निमित्त केलं. मला रडू आलं, ते मी दाखवलं नाही.

त्याच सुमाराला आमच्या कचेरीत सौर मोटरीची योजना आली होती. गावाने आधी काही अटी मान्य करायच्या, मग पॅनल मिळायचे. अटी साध्याच. प्रत्येक नळाला तोटी बसवायची. छपराला पन्हळ लावून पावसाळ्यात ते पाणी पिंपात धरायचं आणि धुण्याला, जनावरांना तेच वापरायचं, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ऊन नसतं आणि मोटर निम्मीच चालते. सूर्य सुट्टीवर असतो तेव्हा आभाळाने काम करायचं, हे तुम्हाला फार आवडलं असतं. जो हे करेल त्याला पाणीपट्टीत सूट. आणि पिण्याचं पाणी रस्त्यावर ओतलं तर दंड. हे सगळं मान्य असल्याचा ठराव ग्रामसभेत व्हायला हवा, पण त्याआधी बायकांच्या सभेने होय म्हणायला हवं. साहेब मला म्हणाले, ‘तुमचं माहेर आहे, तुम्हीच समजवा.’ मी खुशीने हो म्हटलं. ठराव झाला तर आई पुन्हा ओढ्यावर जाणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शाळेच्या पडवीत सभा भरली. सत्तर-ऐंशी बायका आल्या होत्या. सरपंचबाई गावचीच सून, नवीन, उत्साही. तिने अटी वाचून दाखवल्या. तोटीला कोणाचा विरोध नव्हता. पन्हळीला थोडी कुरकुर झाली, ती पाणीपट्टीतल्या सवलतीने मिटली. मग एकीने विचारलं, ‘उनावं मोटर चालनार म्हंजी पानी दुपारचं येनार? दुपारी आमी बंगल्यावं कामाला.’ मी समजावलं, की नाही, दिवसा टाकी भरायची, नळाला नेहमीसारखं पहाटेच येईल. तेव्हा पुढच्याच रांगेतून आई उठली. ‘म्हंजी आदल्या दिसाचं,’ ती म्हणाली. ‘रातभर टाकीत ऱ्हायल्यालं. शिळं.’ बायकांत कुजबुज सुरू झाली. आईने माझ्याकडे बोट केलं. ‘आन् वर म्हनं वतायचं न्हाई, दंड. मंग काय त्याची पूजा करायची?’ सगळ्या हसल्या, पण माना मात्र आईच्या बाजूने हलत होत्या. ‘हिचं भाऊ व्हते,’ आई म्हणाली, ‘पहाटं चार वाजता उठून मोटर चालू करायचे. गावाला ताजं पाजलं त्या मानसानं. आन् लेक आली शिळं पाजाया.’

मी उभी राहिले आणि सांगितलं. भाऊंची टाकी संध्याकाळी भरायची, पहाटे फक्त व्हॉल्व उघडायचा, तुम्ही सगळ्या जन्मभर आदल्या दिवशीचंच पाणी पीत आला आहात आणि कोणाला काही झालं नाही. हे मला भाऊंनी स्वतः सांगितलं आहे, मी सातवीत होते तेव्हा. शेजारची मावशी, आता पार वाकली आहे, ती म्हणाली, ‘बया, म्हंजी इतकी वरसं शिळंच प्यालो?’ मग खालच्या वस्तीतली एक मुलगी, तळेगावला कंपनीत जाते, ती मागून बोलली, ‘आजी, धरनातलं पानी तरी कवाचं हाय? मागल्या पावसाळ्यातलं. ते काय रोज पहाटं नवं पडतंय व्हय?’ त्यावर मोठा हशा झाला. सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. ठराव मंजूर झाला. आईचा हात खाली होता. हात मोजून व्हायच्या आत ती चपला शोधून निघून गेली.

घरी गेले तर ती चुलीपाशी भाकरी थापत होती. गॅस आहे घरात, पण राग आला की ती चूल पेटवते, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणाले, आई, पाण्याचं एवढं मनावर घेऊ नको. ‘पान्याचं काय न्हाई,’ ती म्हणाली. ‘शिळं तर शिळं. मेली न्हाई मी.’ भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. ‘तुला सातवीत सांगितलं व्हय?’ मी हो म्हटलं. ‘आन् मला कवाच न्हाई.’ मग मी ओढ्याचं सांगितलं. ती तिथे पडली होती म्हणून तुम्ही खोटं बोललात, तिचे पाय वाचावेत म्हणून, हे सगळं. मला वाटलं हे ऐकून ती विरघळेल. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘ते बी तुलाच म्हाईत.’ भाकरी निखाऱ्याला लावून पुन्हा म्हणाली, ‘रोज त्यांच्या म्होरं भांडी उपडी करत हुते मी. मनात हसत आसतील.’ मी म्हणाले, ‘नाही गं, हसत नव्हते.’ आणि टाकीच्या कट्ट्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत आपण दोघं हसलो होतो, ते मला आठवलं.

आता पॅनल बसले. या उन्हाळ्यात पाणी एक दिवसही चुकलं नाही. आईच्या नळाला पितळी तोटी आहे, छपराला पन्हळ आहे, दारात मोठं निळं पिंप आहे, आणि पाणीपट्टीतली सूट घ्यायला ती पंचायतीत स्वतः गेली, अंगठा देऊन आली. पहाटे भांडी अजूनही उपडी करते, पण रस्त्यावर नाही, परसातल्या अळूला. दंड करायला आलेल्या शिपायाला तिने अळूची वडी खायला घातली म्हणे. ओढ्याकडे ती फिरकलेली नाही. माझ्याशी बोलते, जेवलीस का विचारते, नातवाच्या नोकरीची चौकशी करते, सगळं करते. फक्त तुमच्याबद्दल माझ्याशी बोलत नाही. पूर्वी आमचा एक फोन तुमच्या नावाशिवाय संपायचा नाही. भाऊ असं म्हणायचे, भाऊंना हे आवडायचं नाही. थोरल्याशी अजून बोलते तुमच्याबद्दल, मावशीशी बोलते, मी आत आले की विषय बदलते. तुमच्या गोष्टी माझ्याजवळ आहेतच, मला आणखी कशाला द्यायच्या, असं तिला वाटत असेल. मला तिच्याकडच्या हव्या आहेत, भाऊ. तुम्ही तिला पहिल्यांदा बघायला गेलात ते, पहिला पगार झाला तेव्हाचं, आजारपणातल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही तिला काय म्हणालात ते. मी कधी नीट विचारलंच नव्हतं, आपोआप कानावर पडत होतं तोवर.

हे खरं तर तिच्यासाठी लिहायला हवं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणजे मला समोर बसून वाचून दाखवावं लागेल, आणि ते मला जमणार नाही. कारण सभेचं जे वर लिहिलं आहे त्यात मी क्रम बदलला आहे. ती वस्तीतली मुलगी माझ्यानंतर नाही, आधी बोलली होती. आई शिळं म्हणून खाली बसली आणि लगेच ती मुलगी म्हणाली, धरणातलं पाणी तरी कधीचं आहे, आणि सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली. ‘ते बी खरंच की गं,’ असं म्हणाली. सरपंचबाई हात मोजायला लागल्या होत्या, ठराव मंजूर झाल्यातच जमा होता, मला एक शब्द बोलायची गरज नव्हती. पण आई नुकतीच सगळ्यांदेखत तुमच्याबद्दल बोलली होती, जणू तुम्ही तिला एकटीलाच ठाऊक होतात, आणि मला राहवलं नाही. मला नुसतं सांगायचं होतं, की भाऊंनी हे मला सांगितलं आहे, मला एकटीला. बोलताना मी आईकडे बघत होते, आणि मला आनंद झाला होता. तिचा हात तेव्हा वर होता, भाऊ. माझं बोलणं संपेपर्यंत तिने तो खाली घेतला.